नाहरकत नाना

पोलादपूर तालुक्यात तीन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं असणं ही काही बातमी नव्हे. त्यांतले निम्मे मुंबईला, चौघे सुरतेला, दोघे वारलेले पण वारसनोंद न झालेले, आणि एक आत्या अशी, की जिचं नाव सगळ्यांना पाठ आहे पण पत्ता कुणालाच ठाऊक नाही. घराला जागा म्हणून त्यातला तुकडा विकायचा म्हटला तरी या सव्वीस जणांची संमती लागते. ती मिळेस्तोवर घर बांधणाऱ्याचा मुलगा लग्नाला येतो. अशा संमत्या गोळा करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हाती एखाद दिवशी परदेशी निघालेलं मूल दिलं तर तो काय करील? त्या मुलाचाही सातबारा काढील आणि सहहिस्सेदारांना नोटिसा धाडील.

आमचे नाहरकत नाना नेमकं हेच करतात.

महाडच्या कोर्टकचेऱ्यांच्या आसपास एका झेरॉक्सवाल्याच्या पडवीत त्यांचं टेबल आहे. टेबलावर काच, काचेखाली गजानन महाराजांचा फोटो, एसटीचं कधीकाळचं वेळापत्रक आणि पासपोर्टच्या अर्जाचा भरलेला नमुना, ज्यात अर्जदाराचं नाव ‘अबक’ आणि वडिलांचं ‘कखग’ आहे. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. कागद हातात आला की आधी तो उजेडाकडे धरतात, मग उलटा करून पाठ बघतात, आणि वाचायच्या आधीच विचारतात, “दुसरी प्रत?” गिऱ्हाईक नवं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला : “हरकत कोणाची आहे?”

“कोणाची नाही, नाना.”

“नसेल तर तसं लिहून आणा.”

असे नाना प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतात. माणगावला असतील, खेडला असतील. सेतू केंद्रं आली, ऑनलाइन अर्ज आले, मोबाइलवर सगळं दिसायला लागलं, तरी यांचं बाकडं रिकामं होत नाही. कारण मोबाइल फक्त फॉर्म दाखवतो. तो भरताना आपल्याकडून काय राहिलं असेल याची धास्ती घालायला माणूसच लागतो, आणि त्या कामात नानांचा हात धरणारा महाड-पोलादपुरात दुसरा नाही.

मूळ धंदा जमिनीचा. खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र. पण दासगावपासून विन्हेऱ्यापर्यंतची माणसं आखाताकडे लागली. आधी पुरुष गेले, मग त्यांच्यामागून बायका, बायकांमागून मुलं. इकडे बिरवाडीच्या एमआयडीसीतल्या साहेबांची मुलं सुट्टीत सिंगापूरला निघाली, पोलादपूरची पुण्यात शिकलेली पोरं अमेरिकेत जाऊन तिथं बाप झाली. नानांच्या लक्षात आलं की जमिनीचा पक्षकार आयुष्यात दोनदा येतो, मुलांचा दर सुट्टीला येतो. त्यांनी धंदा बदलला. भाषा मात्र बदलली नाही.

त्यांनी लिहिलेलं एक संमतीपत्र मी वाचलं आहे. बाप मस्कतला, आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्याकडे निघालेली. मजकूर असा होता : “मी खाली सही करणार, वय ३४, धंदा नोकरी, हल्ली राहणार मस्कत, माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही नशापाण्याच्या अंमलाखाली नसताना लिहून देतो की, सदर अज्ञान मुलगा नामे वेदांत हा माझ्या निर्वेध मालकीचा व कब्जेवहिवाटीचा असून त्यावर कोणताही बोजा नाही. प्रवासात त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस आई, पश्चिमेस विमानाची खिडकी, दक्षिणेस धाकटी बहीण, उत्तरेस ये-जा करण्याचा सामाईक रस्ता.”

‘मालकीचा’ हा शब्द खोडा म्हणून मी बरीच विनवणी केली. शेवटी खोडला. उत्तरेकडचा रस्ता मात्र त्यांनी राहू दिला. म्हणाले, “पुढे तंटा नको.”

आता कायद्याचं म्हणणं खरं तर सुटसुटीत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढताना आईबाप दोघांनी मिळून एक निवेदन द्यायचं, त्याला ॲनेक्शर डी म्हणतात. दोघांपैकी एकाची संमती मिळण्याजोगी नसेल तर दुसऱ्यानं कारण सांगून ॲनेक्शर सी भरायचं. एक जण परदेशी असेल तर त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून धाडायचं आणि इथल्यानं डी भरायचं. पासपोर्ट मिळतो पाच वर्षांचा किंवा मूल अठराचं होईपर्यंत, जे आधी येईल तोवर. बस, इतकंच. यात आत्या कुठंही नाही.

शिवाय २०१६च्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयानं ही परिशिष्टं पंधरावरून नऊवर आणली, आणि ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं द्यावीत, नोटरी नको, मॅजिस्ट्रेट नको, असं जाहीर करून टाकलं. देशाच्या दृष्टीनं ही सुधारणा होती. नानांकडे त्या आठवड्यात सुतक होतं. मी बातमीचं कात्रण त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, मागची साबणाची जाहिरात वाचली आणि म्हणाले, “साधा कागद चालेल असं लिहिलंय. बाँड चालणार नाही असं कुठं लिहिलंय?”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि पुढची आठ वर्षं महाड-पोलादपूरची मुलं शंभराच्या बाँडवर परदेशी जात राहिली. मग २०२४च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनंच शंभर आणि दोनशेच्या बाँडच्या जागी पाचशेचा केला. एका मुलामागे पाचशे म्हटल्यावर पालक कुरकुरायला लागले. नानांनी दोन दिवस विचार केला आणि हिरव्या लेजर पेपरवर आले. साधा कागद अजूनही त्यांच्या टेबलावर फक्त चहा सांडल्यावर पुसायला येतो.

फोटोचं प्रकरण वेगळंच. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो. मोठ्यांचा पासपोर्ट केंद्रातच काढतात. आता दहा महिन्यांचं मूल पांढऱ्या चादरीपुढे डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि मान सरळ या तिन्ही अवस्थांत एकाच क्षणी सापडणं किती अवघड, ते कोणत्याही फोटो स्टुडिओवाल्याला विचारा. नानांचा खरा झगडा मात्र मुलाशी नसतो, तिटेशी असतो. आजी मुलाच्या गालावर काजळाचा रुपयाएवढा ठिपका लावते. नाना म्हणतात, पुसा, नाहीतर ओळखीची खूण म्हणून नोंद होईल आणि जन्मभर लावावी लागेल. आजी म्हणते, एवढ्या लांब पाठवायचं आणि तीट पुसून? एका बाईनं तडजोड म्हणून तीट तळपायाला लावली. नानांनी तिला विचारलं, “हे लिहून देता?”

अंगठ्याचंही तेच. सही न येणाऱ्या मुलाचा अंगठा लागतो, मुलाचा डावा, मुलीचा उजवा. नाना स्वतः मुलाची मूठ उघडतात. ती उघडताना त्यांच्या तोंडातून जे बोबडे शब्द निघतात, ते त्यांच्या कोणत्याही दस्तऐवजात सापडणार नाहीत. उघडलेल्या मुठीत हमखास बिस्किट असतं, आणि अर्जावर पहिला ठसा बिस्किटाचा उमटतो.

पण नानांची खरी मर्दुमकी नावांत. आमच्याकडे लग्नात तांदळावर सुनेचं नवं नाव लिहायची हौस. माहेरी वंदना, सासरी अर्चना. शाळेच्या दाखल्यात वंदना, रेशनकार्डात अर्चना, आधारला पुन्हा वंदना पण आडनाव सासरचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात नर्सला जे ऐकू आलं ते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत. दुसरं मुंबईला, म्हणजे नोंद महापालिकेत. एकाच आईची दोन मुलं कागदोपत्री सावत्र होतात ती अशी. मग नानांचं प्रतिज्ञापत्र निघतं : वंदना आणि अर्चना या दोन नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. मी एकदा एका बाईला त्यावर सही करताना पाहिलं. तिनं विचारलं, “नाना, सही कुठल्या नावानं करू?” त्या दिवशी नाना जेवायला उशिरा गेले.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारनं घेतला. चांगला निर्णय आहे, सगळ्यांनी कौतुक केलं. नानांनीही केलं. म्हणाले, “नव्या चुकीला नवी जागा झाली.” आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालेल, असं पुढं ठरलं, तेव्हापासून तर नाना बारशाच्या आमंत्रणाला गेले तरी पाळण्याजवळ उभं राहून विचारतात, “दाखल्यात नाव घातलंत की जागा कोरीच आहे?”

कापड्याच्या बाजूची एक आजी त्यांच्याकडे आली होती, तो प्रसंग सविस्तर सांगायला हवा. मुलगा-सून मस्कतला. नातू तिच्याकडे, अकरा महिन्यांचा असल्यापासून. आता तो सहा वर्षांचा झाला, तिकडच्या शाळेत घालायचा ठरला, आणि त्याला पोचवायला आजीच निघाली. नातवाचा पासपोर्ट होता, तिचाही होता. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून पक्क्या कागदासाठी ती नानांकडे आली. मी बाकड्यावर माझ्या उत्पन्नाच्या दाखल्याची वाट बघत बसलो होतो.

नाना म्हणाले, “मुलाच्या आईबापाची संमती लागेल.”

“कसली?”

“मुलाला परदेशी न्यायची.”

“कुनाकडं न्यायचाय त्याला?”

“आईबापाकडं.”

“आन् परवानगी कुनाची पायजे?”

“आईबापाची.”

आजीनं माझ्याकडे बघितलं. “ह्यांची तब्येत बरी हाय ना?”

नानांनी समजावून सांगितलं. मूल आईबापांवाचून तिसऱ्या माणसाबरोबर चाललं, मग तो माणूस आजी असो की आजोबा, तर आईबाप दोघांच्या सहीचं पत्र जवळ असलेलं बरं. व्हिसाला विचारतात, विमान कंपनी विचारते, उतरल्यावर तिकडचा अधिकारी विचारू शकतो. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

“गोवर निघाला तवा कुनाची संमती घेतली व्हती मी? तीन रात्री मांडीवर घिऊन बसलेलं. तवा कंचा अधिकारी आलेला?”

“तसं नाही, आजी. कायद्यात पालक म्हणजे बाप. १९५६चा कायदा आहे. बाप, आणि त्याच्यानंतर आई.”

“आन् आजी?”

नानांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, नाकावरचा वर केला. मग त्यांनी सुप्रीम कोर्टाचा १९९९चा गीता हरिहरन यांच्या खटल्यातला निकाल सांगितला, की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे. बाप लक्ष देत नसेल, जवळ नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक. निकाल फार मोठा आहे आणि नाना तो फार सुंदर सांगतात. पण त्यातही आजी नव्हती. आजीला ते कळलं, आणि नानांनाही सांगता सांगता कळलं असावं, कारण ते मधेच थांबले आणि हिरवा कागद ओढून लिहायला लागले.

दोन कागद झाले. पहिला आईबापांची संमती, मस्कतला पाठवून सही करून आणायचा, हा रीतसर. दुसरा कुणीही मागितला नव्हता आणि जगातल्या कोणत्याही विमानतळावर त्याला काडीची किंमत नव्हती. त्यात आजी लिहून देणार होती की सदर अज्ञान नातू आजवर तिच्या कब्जात व संगोपनात असून तो त्याच्या आईबापांच्या ताब्यात देण्यास तिची हरकत नाही. अट क्रमांक एक : दर साल शाळेच्या सुट्टीत एक महिना वहिवाट आजीची. अट क्रमांक दोन तिनं स्वतः सांगितली : पोराला सुकटीची सवय आहे, ती मोडू नये.

बचत गटात शिकलेली सही तिनं सावकाश केली आणि कागद घडी घालून बटव्यात ठेवला. “ह्याच्यावर पन त्या दोघांची सही आनते,” म्हणाली. आणलीही. नानांनी त्या दुसऱ्या कागदाचे पैसे घेतले नाहीत. पहिल्याचे मात्र पाच प्रतींसकट घेतले.

हे वाचून कुणाला वाटेल की नाना मोठे हळवे. तसं मुळीच नाही. एकदा एक जोडपं आलं होतं. नवरा मुंबईला, बायको वर्षभर माहेरी, बोलणं बंद. मुलगी मावशीबरोबर सिंगापूरला जायची होती आणि डी फॉर्मवर दोघांच्या सह्या हव्या होत्या. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसली. नानांनी मुलीचं नाव विचारलं. श्रावणी. इंग्रजीत ‘श्रा’ला ए एक की दोन? नवरा म्हणाला दोन, बायको म्हणाली एक. वर्षभराची शांतता तिथंच संपली. सासू निघाली, डोंबिवलीचा ब्लॉक निघाला, कुणाच्या तरी लग्नातली पैठणी निघाली. नाना ते सगळं ऐकत शांतपणे जन्मदाखला उजेडाकडे धरून बघत होते. मग म्हणाले, “ए एक असो की दोन, दाखल्यात नावाची जागा कोरी आहे. तुमच्या मुलीला अजून नावच नाही.”

दोघं एकदम नानांवर उलटली. बारा वर्षांत हे कुणीच कसं सांगितलं नाही, तुम्ही कागदवाले लोक असेच, वगैरे. नाना म्हणाले, नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत नाव घालता येतं, अजून तीन आहेत, नगरपालिका साडेपाचपर्यंत उघडी असते. दोघं तावातावानं एकाच रिक्षातून गेली, कारण नाक्यावर रिक्षा एकच होती. पुढं त्या संसाराचं काय झालं ते मला ठाऊक नाही. मुलगी सिंगापूरला जाऊन आली. नावात ए एकच आहे.

पुण्याहून आलेल्या एका तरुणानं नानांना एकदा सुनावलं होतं. बायको-मुलगा महिनाभरासाठी कॅनडाला चालले होते आणि नाना त्याच्याकडून संमतीपत्र लिहून घेत होते. “माझी बायको माझ्या मुलाला घेऊन तिच्या बहिणीकडे चाललीये. यात संमती कसली? ती काय पळवून नेतेय?” नाना एरवी असल्या प्रश्नाला ‘दुसरी प्रत?’ म्हणून उत्तर देतात. त्या दिवशी म्हणाले, “साहेब, मूल पळवणारा बहुतेक वेळा चोर नसतो. बाप असतो, नाहीतर आई.”

हे मात्र अगदी खरं आहे, आणि या सगळ्या कागदपत्रांचं मूळ त्यातच आहे. नवराबायकोचं बिनसतं, एक जण मुलाला उचलून दुसऱ्या देशात निघून जातो, आणि मागे राहिलेला कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतो. असं नेलेलं मूल लवकर परत पाठवावं म्हणून १९८०मध्ये हेगला आंतरराष्ट्रीय करार झाला. बऱ्याच देशांनी सह्या केल्या, भारतानं केलेली नाही. आपल्या विधी आयोगानं २०१६च्या ऑक्टोबरात २६३वा अहवाल याच विषयावर दिला, न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनं २०१८मध्ये आणखी एक दिला. परदेशात छळाला कंटाळून मुलासह माहेरी परतलेल्या बाईला आपण अपहरणकर्ती म्हणायचं का, हा प्रश्न मधे आडवा येतो, आणि तो खोटा नाही. आपली कोर्टं मुलाचं हित बघून एकेका प्रकरणाचा निवाडा करतात. तोवर परदेशातला काउंटरवरचा माणूस एवढंच बघतो, की एकट्या आईबरोबर किंवा एकट्या बापाबरोबर मूल आलंय, दुसऱ्याला हे माहीत आहे का? कॅनडा आणि अमेरिका असं पत्र जवळ ठेवा म्हणून सांगतात. अमेरिकेत तर सोळा वर्षांखालच्या मुलाचा नुसता पासपोर्ट काढायचा तरी आईबाप दोघांनी हजर राहावं लागतं, नाहीतर गैरहजर असलेल्याची नोटरीसमोरची सही लागते. आमच्या इथल्या एका पोराला तिकडे हे कळलं, तेव्हा त्यानं पहिला फोन नानांना केला. नाना एवढंच म्हणाले, “बघ, तिथंही बाकडं आहे.”

दक्षिण आफ्रिकेनं कमाल केली होती. १ जून २०१५ पासून तिथं येणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर आईबाप दोघांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला आणि सोबत नसलेल्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं झालं. केपटाउनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, सोयरीक-संबंध अजून आहेत. त्या वर्षी लग्नाला निघालेलं एक कुटुंब नानांकडे आलं, आणि नानांच्या आयुष्यात प्रथमच एखाद्या सरकारनं त्यांच्याइतकेच कागद मागितले. त्यांना भरून आलं होतं. पुढं पर्यटक आटले म्हणून आफ्रिकेनं २०१९मध्ये परदेशी मुलांसाठी नियम ढिला केला. नानांनी केला नाही. दापोलीहून दुबईला निघालेल्या मुलाची फाइलही ते आजतागायत आफ्रिकेच्या मापानं करतात.

एवढं कशाला, असं मीही विचारलं आहे. त्यांनी वर बोट दाखवलं. भिंतीला छतापासून हातभर खाली एक फळी आहे, तिच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं बांधलेले गठ्ठे. २०२१च्या जुलैत सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी टेकलं होतं. लोकांचे दाखले, खतं, पासपोर्ट, लग्नाचे फोटो, सगळा चिखल. पाणी ओसरल्यावर माणसं फावड्यांनी गाळ काढत होती आणि मधेच थांबून एखादा कागद सोडवून उन्हात ठेवत होती. पुढचे चार-सहा महिने नानांनी दुसरं काम केलं नाही. ज्याची कोणतीही प्रत त्यांच्याकडे त्या फळीवर होती, त्याला ती काढून दिली. मस्कत, कुवेत, दमामहून फोन येत होते. ‘दुसरी प्रत?’ या प्रश्नाला महाडमध्ये त्यानंतर कुणी हसत नाही.

पुरानंतर लोकांनी धसका घेऊन दाखल्यांना प्लास्टिक चढवलं, तेव्हा नाना पुन्हा डोक्याला हात लावून बसले. ओमानसारख्या देशाला ॲपॉस्टिल लागतो, म्हणजे आधी राज्य सरकारची सही आणि मग परराष्ट्र खात्याचा स्टिकर. कुवेतला त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. हे सगळं कागदाच्या पाठीवर बसतं, प्लास्टिकवर बसत नाही. एका बाजूनं नदी, दुसऱ्या बाजूनं परराष्ट्र खातं, मधे नाना.

ते स्वतः कधी परदेशी गेलेले नाहीत. पासपोर्ट आहे, दोनदा नवा करून घेतला आहे, सराव राहावा म्हणून. गेल्या दिवाळीत त्यांची नऊ वर्षांची नात आईबरोबर दुबईला गेली. तिच्या फाइलचं वर्णन करत नाही. तिच्यात आईबापांच्या पासपोर्टच्या साक्षांकित प्रती, लग्नाचा दाखला, शाळेचं पत्र, चारही आजीआजोबांची नाहरकत, आणि मधलं नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं याबद्दलचं प्रतिज्ञापत्र होतं. सून फाइल पोटाशी धरून मुंबईच्या विमानतळावर उभी. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघितला, मुलीला विचारलं, “पहिल्यांदाच चाललीस?” ती हो म्हणाली. त्यानं शिक्का मारला. तिकडे उतरल्यावरही तेच. येतानाही तेच. फाइलची दोरी सुटली नाही.

परत आल्यावर सुनेनं हे जरा हसतच सांगितलं. मी तिथं होतो. मला वाटलं, म्हातारा खचेल. नानांनी फाइल हातात घेतली, गाठ तपासली आणि म्हणाले, “जवळ फाइल होती म्हणून विचारलं नाही.”

माझं स्वतःचं मत विचाराल तर नानांच्या कागदांतले निम्मे निव्वळ अनावश्यक आहेत, पण कोणते निम्मे ते नानांशिवाय कुणाला सांगता येत नाही. तेव्हा मुलाबाळांसह बाहेर जायचा बेत असेल तर त्यांच्याकडे जाऊन या, आणि तिकीट काढायच्या आधी जा, काढल्यावर नव्हे. मुलाचा मूळ जन्मदाखला न्या, प्लास्टिक न चढवलेला. आईबापांच्या पासपोर्टच्या प्रती न्या. दोघांपैकी एक परदेशी असेल तर त्याचा वकिलातीतला कागद आधी मागवून घ्या. आजीला सोबत नेलीत तर वेळ जास्त लागेल, पण न्या. एक ते तीन नाना जेवायला जातात. पेन तुमचं तुम्ही आणा, ते देत नाहीत.